घर विकणे आहे, पण आम्ही अजून आत आहोत!

शनिवारी सकाळी अकरा वाजता एक अनोळखी कुटुंब तुमच्या बेडरूममध्ये उभं राहून भिंतीवर टकटक करतं, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा? राहतं घर गिऱ्हाइकांना दाखवण्याच्या नऊ आठवड्यांच्या ट्रेनिंगचा हा रिपोर्ट. सोबत काही टिप्स आणि थोडी कळसाडी.

घर विकायला काढलं की त्याच दिवसापासून ते घर राहत नाही, शोरूम होतं. फरक एवढाच, की शोरूममध्ये रात्री कुणी झोपत नाही, सकाळी कुणी डबे भरत नाही आणि बाथरूमच्या दारामागे कुणी ओला टॉवेल लटकवत नाही. आपल्याला मात्र हे सगळं शोरूममध्येच करायचं असतं, आणि वर बेल वाजली की 'या ना, या' म्हणत हसायचंही असतं.

बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट आठवा. तिथे किचनच्या ओट्यावर काचेच्या बरणीत रंगीत पास्ता असतो. कुकर नसतो. पोळीचा डबा नसतो. कपडे वाळत घातलेले नसतात. रीसेलच्या घरात हे सगळं असतं आणि ते लपवायला जागा नसते. विशेषतः घर ४१० स्क्वेअर फूट कार्पेटचं असेल आणि आत चार माणसं राहत असतील तर!

आमचं तसंच होतं. सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुकला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. बिल्डिंग २००६ ची, आम्ही घेतला २०१४ मध्ये. राहणारे आम्ही चौघं : मी, नवरा, साडेचार वर्षांची लेक आणि आई. आई मूळची नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीची. २०२४ च्या फेब्रुवारीत बाबा गेले, आणि त्या वर्षीची दिवाळी झाल्यावर मी तिला पुण्याला घेऊन आले. वन बीएचकेमध्ये चौथं माणूस आलं की हॉलमधल्या दिवाणाची रोज रात्री गादी होते. सहा महिने तसे काढले. मग २०२५ च्या मे महिन्यात धायरीला एक टू बीएचके आवडला. बहात्तर लाख. दोन लाख टोकन दिलं, बाकीची रक्कम नव्वद दिवसांत. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत आमचा जुना फ्लॅट विकला गेला नाही, तर नवं घरही गेलं आणि दोन लाखही गेले. सिंपल गणित, सॉलिड टेन्शन.

'मग घर रिकामं करून भाड्याने राहायचं ना,' असं एका मैत्रिणीने सुचवलं. जुन्या घराचा हप्ता, भाडं, डिपॉझिट आणि दोनदा टेम्पो? थँक यू. आपल्यासारख्या नोकरदारांची ऐंशी टक्के रीसेल घरं अशीच आत राहून विकली जात असतील, असा माझा अंदाज. त्यामुळे हे कौशल्य शिकून घेतलेलं बरं.

'मॅडम, खालीच उभा आहे'

जाहिरात टाकली त्या दिवशी दुपारी पहिला फोन आला. मी क्लायंट कॉलवर. 'मॅडम, पार्टी सोबत आहे, खालीच उभे आहोत, पाच मिनिटांचं काम आहे.' पाच मिनिटांचं काम हा या धंद्यातला सगळ्यात लवचीक शब्दप्रयोग आहे.

त्या रात्री नवरा आणि मी कागद घेऊन बसलो आणि वेळापत्रक केलं. शनिवारी अकरा ते एक. रविवारी चार ते साडेसहा, कारण उजेड तेव्हा छान येतो. बुधवारी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, ज्यांना वीकएंडला जमत नाही त्यांच्यासाठी. बाकी वेळ बंद. ब्रोकर लोक आधी कुरकुरले. 'पार्टी हातची जाईल मॅडम.' एकही गेली नाही. ज्याला खरंच घर घ्यायचं आहे तो चार दिवस थांबतो. जो थांबत नाही, तो त्या दिवशी त्या रस्त्याने चालला होता म्हणून वर येणार होता.

दुसरा फंडा एका लांबलचक मेसेजचा. कार्पेट एरिया, मजला, लिफ्ट, पार्किंग, बिल्डिंगचं वर्ष, मेंटेनन्स, आमच्यावर कर्ज किती शिल्लक आहे, अपेक्षित किंमत, ताबा केव्हा, आणि बारा फोटो. त्यात संडासाचाही फोटो. हो, संडासाचाही! तोच बघायला माणसं इतक्या लांबून येतात. फोन आला की आधी हा मेसेज पाठवायचा आणि मग वेळ द्यायची. निम्मे फोन तिथेच गळाले. कुणाला लिफ्ट हवी होती, कुणाला 'कार्पेट' हा शब्द वाचून धक्का बसला. आमच्या जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये बिल्ट-अप ५६० लिहिलंय. कार्पेट म्हणजे खरोखर सतरंजी घालता येईल एवढी जागा. नव्या प्रकल्पांमध्ये २०१६ च्या रेरा कायद्यानंतर कार्पेटवरच बोलावं लागतं. जुन्या घरांच्या बाजारात मात्र अजून दोन्ही आकडे फिरतात, आणि गिऱ्हाइकाला तो फरक दारात उभं राहून कळला, तर त्याचा चेहरा आपल्यालाच बघावा लागतो.

महारेराची नोंदणी ब्रोकरला लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकायला. आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमधल्या रीसेलला तो कायदा फारसा हात लावत नाही. म्हणून ब्रोकर आपला आपणच पारखायचा. माझी परीक्षा एकच : हा माणूस गिऱ्हाइकाला घेऊन येतो, की नुसता पत्ता पाठवून देतो? जो स्वतः येतो, बूट बाहेर काढतो आणि गिऱ्हाईक बेडरूममध्ये असताना हॉलवर लक्ष ठेवतो, त्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा वेळ मिळायची.

पंधरा मिनिटांचा आवरा

घर रोज चकाचक ठेवणं अशक्य. पंधरा मिनिटांत चकाचक दिसेल असं ठेवणं शक्य. त्यासाठी आमची ड्रिल ठरली होती, अगदी मिलिटरीसारखी.

नवरा : बाल्कनीतले कपडे, बाथरूममधल्या बादल्या, दारातल्या चपला. मी : ओटा, सिंक, पलंगावर ठेवणीतली चादर. लेक : खेळणी एका मोठ्या टोपलीत. आई : देवघर आणि स्वतःची औषधं. शेवटी सगळ्या खिडक्या उघडायच्या, पडदे सारायचे, दिवे लावायचे. घड्याळ लावून बघितलं, चौदा मिनिटं लागतात.

काही गोष्टी अनुभवाने समजल्या. शनिवारी सकाळी मासे तळायचे नाहीत. लसणाची फोडणीसुद्धा साडेदहाच्या आत. रूम फ्रेशनर मारायचा नाही, लोकांना लगेच वाटतं की ओल लपवताहेत. पासबुकं, दागिने, आधार कार्डं, ऑफिसचा लॅपटॉप हे सगळं एका कपाटात आणि किल्ली खिशात. चोरीच्या भीतीने म्हणून नाही, पण तीस कुटुंबं घरातून फिरून गेल्यावर एखादी वस्तू सापडली नाही तर मनात भलते विचार येतात. ते यायलाच नकोत.

आणि एक उलटं. सगळंच आवरायचं नसतं. लेकीची चित्रं भिंतीवर होती, ती आम्ही राहू दिली. एका गिऱ्हाइकाची मुलगी त्या चित्रांपुढे पाच मिनिटं उभी राहिली, आणि तेवढ्यात तिच्या आईवडिलांना किचन शांतपणे बघता आलं. घरात माणसं सुखाने राहतात हे दिसलेलं चांगलंच असतं.

बघणारे किती प्रकारचे?

नऊ आठवड्यांत एकतीस कुटुंबं आली. त्यातून वर्गवारी आपोआप झाली.

पहिले होकायंत्रवाले. मोबाइल आडवा धरून दारात गोल फिरतात. दार दक्षिणेला असेल तर पुढचं काही बघत नाहीत. आमचं पूर्वेला होतं, तर म्हणाले, किचन चुकलंय. दुसरे टेपवाले. यांच्याकडे फ्रिजचं, पलंगाचं, कपाटाचं माप लिहिलेलं असतं. यांना मान द्या, हे खरे गिऱ्हाईक असतात. तिसरे अनुभवी काका. भिंतीवर टकटक करतात, नळ पूर्ण सोडतात, फ्लश करून बघतात आणि 'आमच्या वेळी इथे शेती होती' असं सांगतात. चौथे शेजाऱ्यांचे पाहुणे. यांना घर घ्यायचं नसतं, आपण केवढ्याला विकतोय एवढंच हवं असतं. पाचवे कपाट उघडणारे. बांधीव कपाट उघडून बघणं ठीक आहे, पण एका बाईंनी आमच्या फ्रिजचं दार उघडलं. फ्रिज विक्रीला नव्हता!

पाण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांचा. 'किती वाजता येतं? टँकर लागतो का?' २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्याच पट्ट्यात जीबीएसची साथ आली होती. त्यानंतर 'पाणी कुठलं?' हा प्रश्न किमतीच्याही आधी यायला लागला. आम्ही सोसायटीच्या टाकी साफ केल्याच्या तारखा, पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट असं सगळं फोल्डरमध्ये लावून ठेवलं. कोरडं 'पाणी चांगलं आहे हो' म्हणण्यापेक्षा तो एक कागद जास्त बोलायचा. ट्रॅफिकचं विचारलं तर सांगायला उड्डाणपूल होता. २०२४-२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने सुरू होत होता आणि प्रत्येक टप्प्यानंतर ब्रोकर आमच्या फ्लॅटची किंमत एक लाखाने वाढवून सांगायचे. गिऱ्हाईक ती लगेच कमी करायचे.

पूर्णवेळ

घरी दिवसभर असायची ती आई. त्यामुळे या सगळ्या प्रकरणाचं खरं ओझं तिच्यावर होतं. पहिल्या शनिवारी चार कुटुंबं आली आणि आईने चौघांनाही चहा केला. एकूण तेरा कप. दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, 'आई, फक्त पाणी विचार.' तिला ते पटेना. घरात आलेल्या माणसाला चहा न देता लावून द्यायचं म्हणजे काय? शेवटी तडजोड झाली : पाणी सगळ्यांना, चहा दुसऱ्यांदा येणाऱ्याला. ही तडजोड पुढे फारच कामाची निघाली. दुसऱ्यांदा येणारा माणूस बसतो, आणि बसलेला माणूस खरं बोलतो.

जूनमधल्या एका रविवारी एक बाई आल्या. छान कपडे, छान बोलणं. हॉलमध्ये आई खाली बसून शेंगा सोलत होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, 'या पूर्णवेळ असतात का?'

मला कळायला दोन सेकंद लागली. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, 'हो ना. पूर्णवेळ. पगार तेवढा मिळत नाही.'

बाई ओशाळल्या. नवऱ्याने विषय पार्किंगकडे वळवला. ते लोक गेल्यावर मी म्हटलं, 'पुढच्या वेळेपासून तू खाली बागेत जाऊन बस. कशाला हा ताप?' सगळे टिप्सवाले लेख हेच सांगतात, की घर दाखवताना म्हातारी माणसं, मुलं, कुत्री बाहेर पाठवा. आई म्हणाली, 'मी नाही जाणार. घर आपलं आहे तोवर मी घरात बसणार.' आणि शेंगा सोलायला लागली.

मी त्या रात्री बराच वेळ विचार करत होते. कळसाडीच्या घरात जी बाई चाळीस वर्षं मालकीण होती, तिला इथे दर शनिवारी स्वतःचं असणं सिद्ध करावं लागत होतं. गिऱ्हाईक आलं की आपण सगळे थोडे थोडे नोकर होतो, हे खरंच आहे. आपल्याच घरात आपण उभे राहतो आणि ते बसतात. पण त्याला एक मर्यादा हवी. पुढच्या रविवारपासून दार उघडल्या उघडल्या मी पहिलं वाक्य बोलायचे : 'ही माझी आई. घराबद्दल काही विचारायचं असेल तर हिला विचारा, हिला सगळं माहीत आहे.' चित्र एकदम पालटलं. लोक आईला 'काकू' म्हणायला लागले, आणि आईला खरोखरच सगळं माहीत होतं. कचऱ्याची गाडी किती वाजता येते, वरच्या मजल्यावर कोण पाय आपटत चालतं, सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं.

लेकीची गोष्ट वेगळी. ती एके दिवशी म्हणाली, 'हे काका आपलं घर उचलून नेणार?' आणि तिची टोपली पलंगाखाली लपवून आली. मग आम्ही तिला धायरीचं घर दाखवून आणलं आणि एक खोका दिला. 'यात तुला काय काय न्यायचं ते तूच भर.' तिने आधी आजीचा चष्मा भरला.

कळसाडीत 'व्ह्यूइंग' नसतं

आता जरा गावाकडे. बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीत कळसाडीच्या घराचाही विषय निघाला होता, आणि तिथे घर बघायला लोक आले होते. म्हणजे तसं कुणी म्हणालं नाही. संध्याकाळी तीन-चार जण ओट्यावर येऊन बसले. दीड तास आईची तब्येत, कापसाचा भाव, पपईवरचा रोग, माझी नोकरी. आत कुणी गेलं नाही. जायची गरजच नव्हती, कारण त्यातला प्रत्येकजण आमच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या लग्नात जेवून गेलेला होता. भिंत कुठे फुगलीय, कौलं कधी बदलली हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. उठता उठता एकाने नुसतं विचारलं, 'मग, पोरी काय म्हणतात?'

तो खरा प्रश्न होता. शहरात गिऱ्हाईक घर बघतं, गावात विकणाऱ्याला बघतं. का विकतोय, घाईत आहे का, घरात एकमत आहे का, सह्या कुणाकुणाच्या लागतील. आणि पोरींचं विचारण्याला कारण आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. वडील २००५ च्या आधी गेले असले तरी हिस्सा मिळतो का, हा वाद सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये मिटवला : हक्क जन्माने मिळतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. त्यामुळे पुण्यात बसलेल्या लेकीच्या सहीशिवाय कळसाडीतलं घर विकता येत नाही, हे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना पाठ होतं.

कागदही वेगळे. गावठाणातल्या घराला शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो, आणि तो मुळात कर आकारणीचा कागद. २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, गावठाणांवरून ड्रोन फिरले आणि घरांच्या मिळकत पत्रिका तयार व्हायला लागल्या. गावचं घर विकायचा विचार असेल तर आपल्या गावाची मोजणी झालीय का, पत्रिकेवर कुणाकुणाची नावं लागलीत, हे आधी बघून घ्या. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. २०११ च्या जनगणनेनुसार इथली दोन-तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या आदिवासी आहे, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुणी 'स्टँपवर लिहून देतो' म्हणालं, तर लांबूनच नमस्कार करा.

त्या दिवाळीत काही ठरलं नाही. आईने सगळ्यांना चहा दिला. तिथे तो सगळ्यांनाच द्यायचा असतो.

फाईल आणि फोटोकॉपी

परत पुण्यात. घर आवडलं, असं म्हणणाऱ्याला पुढचे तीन प्रश्न विचारायला लाजू नका. लोन लागणार का? बँकेकडून किती मंजूर होईल हे विचारून ठेवलंय का? स्वतःचं आधीचं घर विकून घेताय का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर तुमच्या साखळीला आणखी एक कडी जोडली गेली हे लक्षात घ्या. आमच्या नव्वद दिवसांत ते बसणारं नव्हतं.

आम्ही एक फाईल केली : मूळ खरेदीखताची प्रत, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, बिल्डिंगचा भोगवटा दाखला, महापालिकेच्या कराची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, आणि बँकेचं शिल्लक कर्जाचं पत्र. दाखवायच्या त्या फक्त फोटोकॉपी, आणि त्यांचे फोटो काढू द्यायचे नाहीत. ज्याने टोकन दिलं त्यालाच संच.

टोकन बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घेण्यावर १ जून २०१५ पासून बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा होऊ शकतो. घराची किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. हा नियम २०१३ पासूनचा. आमच्या विक्रीला तो लागू नव्हता, पण धायरीच्या बहात्तर लाखांवर आम्हालाच तो कापावा लागला. घर विकत विकत घर घेणाऱ्याला दोन्ही बाजूंचे नियम पाठ करावे लागतात, ही एक वेगळीच मजा. आणखी एक : पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, पण खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नवऱ्याने हे गणित ऐकून दोन मिनिटांत स्वतःचं नाव मागे घेतलं.

सोसायटीला पंधरा दिवस आधी लेखी कळवा. ट्रान्स्फर फी म्हणून सोसायटी पंचवीस हजारांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. सरकारचं परिपत्रक २००१ चं आहे, तरी 'डोनेशन' हा शब्द अजून कानावर येतो. तेव्हा परिपत्रकाची प्रत फाईलमध्ये असू द्या.

पश्चिमेच्या खिडक्या

आता ज्याची तुम्ही वाट बघताय ते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सत्तावीस कुटुंबं बघून गेली होती आणि आमच्याकडे फक्त दोन 'विचार करून कळवतो' होते. अठ्ठाविसावं जोडपं आमच्याहून तरुण. शनिवारी बघून गेले, आणि बुधवारी धो धो पावसात पुन्हा आले. मुद्दाम पावसात. त्यातली मुलगी भिंतींवरून हात फिरवत होती. म्हणजे चहा द्यायची वेळ.

चहा पिता पिता तिने आईला विचारलं, 'काकू, खरं सांगा, पाणी कुठून येतं?'

हॉलमध्ये एकदम शांतता. नवरा माझ्याकडे बघतोय, मी आईकडे. टोकनची मुदत संपायला महिनाही उरला नव्हता. आई म्हणाली, 'पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून येतं. जोराचा पाऊस असला की खाली फडकं ठेवावं लागतं. बाकी कुठून नाही.' आणि उठून फडकं दाखवलं.

कायद्यानेही हेच करायचं असतं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो, की घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायला हवा. आईने तो कायदा वाचलेला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की ती पोर पहिल्याच पावसात आपल्याला शिव्या देईल आणि त्या शिव्या घेऊन नव्या घरात जायचं नाही.

त्या दोघांनी खिडक्यांच्या दुरुस्तीचे म्हणून तीस हजार कमी करून मागितले. आम्ही दिले. सौदा साडेपंचेचाळीस लाखांना ठरला, आणि पुढच्या दोन दिवसांत टोकन खात्यावर जमा झालं. तरी त्या वीकएंडला आधीच वेळ दिलेली तीन कुटुंबं येऊन बघून गेली. त्यांना आम्ही दारातच खरं सांगितलं. बॅकअप गिऱ्हाईक असलेलं बरं असतं. त्यांच्या बँकेने आधी आमचं कर्ज फेडलं, मग आमचे मूळ कागद सुटले. हे कागद कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर बँकेने रोज पाच हजार भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. खरेदीखत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोंदवलं. ताब्यासाठी आम्ही करारात पंधरा दिवस मागून घेतले होते, आणि तेवढ्यात धायरीची किल्ली हातात आली.

आता दर शनिवारी सकाळी आम्ही अकरापर्यंत झोपतो आणि मासे तळतो. आईला स्वतःची खोली आहे. कळसाडीच्या घराचं अजून ठरलेलं नाही. तिथलं गिऱ्हाईक घाईत नाही, आणि आईही नाही.

चौकट : राहतं घर दाखवताना

• आठवड्यातून तीनच स्लॉट ठेवा आणि ते पाळा. 'खालीच उभा आहे'ला नम्र नकार.
• सगळी माहिती आणि सगळे फोटो आधी पाठवा. कार्पेट एरियाच सांगा.
• घरात निदान दोन मोठी माणसं असल्याशिवाय दार उघडू नका. गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर आधी घ्या.
• किल्ली ब्रोकरकडे देऊ नका. तुमचं सामान आत आहे.
• औषधं, दागिने, कागद, लॅपटॉप कुलपात.
• घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका. त्यांची ओळख करून द्या, घराची माहिती त्यांनाच जास्त असते.
• मुलांना नवं घर दाखवा आणि भरायला एक खोका द्या.
• गळती, ओल, पाण्याची अडचण असेल तर आपणहून सांगा. पैसे थोडे कमी होतात, भांडण पूर्ण टळतं.
• किमतीइतकंच ताब्याच्या तारखेवर बोला आणि ती करारात लिहून घ्या.
• जुनं घर विकून नवं घेत असाल तर कॅपिटल गेन टॅक्सचं सीएला आधी विचारा. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतलं तर सवलत मिळते, पण अटींसह.
• चहा दुसऱ्यांदा येणाऱ्याला!